फ्लूनंतर १९ दिवस व्हेंटिलेटरवर, आता गळ्यातून नळी घालायची म्हणतायत, सही करू का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाबा ५८ वर्षांचे, शुगर आहे पण गोळीवर कंट्रोलमध्ये, स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह, चौथ्या दिवशी दम लागला, गावच्या दवाखान्यातून साताऱ्याला आणि तिथून पुण्याला, आणि आज व्हेंटिलेटरवर १९वा दिवस. मध्ये तीन वेळा पालथं झोपवलं. मशीनचा ऑक्सिजन ९० टक्क्यांवरून ४५ वर आलाय, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) १४ वरून ८ वर, पण पंधराव्या दिवशी परत ताप चढला, कल्चरमध्ये जंतू निघाले, भारीतलं अँटिबायोटिक चालू झालं. बाबा डोळे उघडतात पण तुम्हाला ओळखलं नाही, हात उचलत नाहीत. आणि आता डॉक्टर म्हणतात ट्रेकीओस्टॉमी, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत नळी, करायची, सही द्या. काका म्हणतात व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येत नाही, हे बिल वाढवायचे धंदे आहेत, घरी घेऊन चला.

मी बाबांना तपासलेलं नाही त्यामुळे त्यांचं काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण २००९ला पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा मी रेसिडेंट डॉक्टर होते, देशातला पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलच्या बाहेर रांगा, लोक रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत होते, आणि आत आम्ही तिशीतली धडधाकट माणसं बघत होतो ज्यांची छाती दोन दिवसांत एक्सरेवर पांढरी व्हायची. त्यानंतर कोविडच्या दोन लाटा. तेव्हापासून मी आयसीयूतच आहे. तर जे बघितलंय त्यावरून सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट करून घ्या कारण सगळं त्यावर उभं आहे. १९व्या दिवशी बाबांची लढाई फ्लूच्या व्हायरसशी राहिलेली नाही. तो बहुतेक माणसांमध्ये दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरलेला असतो. आता जे चाललंय ते त्याने केलेल्या नुकसानाशी आणि १९ दिवस पडून राहण्याने, नळ्यांनी, भुलीच्या औषधांनी जे होतं त्याच्याशी. हा वेगळा आजार आहे म्हणा हवं तर. आणि ह्या दुसऱ्या आजारावर एखादं महागडं इंजेक्शन नाहीये, रोज सकाळ-संध्याकाळ करायच्या शंभर बारीक गोष्टी आहेत, त्यातली ट्रेकीओस्टॉमी ही एक.

फुप्फुसात काय झालंय ते सांगते. आपल्या फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात, त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. व्हायरसने आणि शरीराच्या स्वतःच्या सुजेने त्या भिंती फाटतात, आत प्रथिनांचं पाणी भरतं, ओला स्पंज कसा जड होतो तसं. ह्यालाच एआरडीएस म्हणतात, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ पेशंटवरून हे पहिल्यांदा लिहिलं. किती गंभीर ते एका साध्या भागाकारावर ठरतं. रक्तातला ऑक्सिजन ७० आहे आणि मशीन ७० टक्के ऑक्सिजन देतंय तर ७० भागिले ०.७ म्हणजे १००. शंभर किंवा खाली म्हणजे सिव्हिअर, १०० ते २०० मध्यम, २०० ते ३०० सौम्य. रोजच्या एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, कागदावरून हा आकडा तुम्ही स्वतः काढू शकता, एका वहीत तारखेसमोर लिहीत जा. एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नाही, चार दिवसांचे आकडे वर चाललेत का खाली हे बघा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून फुप्फुस हळूहळू सुधारतंय असं मला दिसतंय. ९० वरून ४५ ही लहान गोष्ट नाही ताई.

व्हेंटिलेटर बरं करत नाही, हे काकांना नीट समजावून सांगा. तो फक्त वेळ देतो, फुप्फुस आपलं आपण भरून येईपर्यंत. आणि तो वेळ देता देता तो स्वतः इजाही करतो, म्हणून तो किती हळुवार चालवला यावर बरंच अवलंबून असतं. आमच्याकडे एआरडीएसचा पेशंट आला की पहिल्या तासात सिस्टर शिंप्यासारखी टेप घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत उंची मोजते. नातेवाईक बघत राहतात, इकडे माणूस मरायला टेकलाय आणि हे उंची काय मोजतायत. पण मशीनने एका श्वासाला किती हवा द्यायची ते वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतं, कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. ५ फूट ५ इंचाच्या पुरुषाला ३७० मिलीच्या आसपास, म्हणजे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. पूर्वी ह्याच्या दुप्पट हवा ढकलली जायची, रिपोर्ट छान यायचे आणि फुप्फुस आतून फाटायचं. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की कमी हवा दिली तर मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं, नवं औषध कुठलंही न देता. पालथं झोपवण्याचंही तसंच, २०१३च्या फ्रान्समधल्या अभ्यासात सिव्हिअर पेशंटला दिवसातले १६ तास पालथं ठेवलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले, निम्मे. त्याला लागतात पाच माणसं आणि उशा. एक जण डोक्याशी नळी धरून, दोन-दोन बाजूंना, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकाच वेळी वळवायचं, नळी एक इंचही सरकता कामा नये. १६ तासांनी सरळ केलं की चेहरा सुजून ओळखू येत नाही, तुम्हीही बघून घाबरला असाल, ती सूज दोन दिवसांत उतरते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

तोंडातून घातलेली नळी ही काही दिवसांसाठी ठीक असते. ती जिभेवर, टाळूवर, स्वरयंत्रावर दाबत असते, पेशंट जरा जागा झाला की ठसका लागतो, चावतो, ओढायला बघतो, म्हणून त्याला भूल द्यावी लागते. भूल दिली की तो हलत नाही, हलला नाही की स्नायू झडतात, स्नायू झडले की व्हेंटिलेटर सुटत नाही, सुटत नाही म्हणून परत नळी आणि परत भूल. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं आणि ट्रेकीओस्टॉमी ते तोडायचा एक रस्ता आहे. गळ्याच्या खालच्या बाजूला, कॉलरच्या वरच्या बटणाच्या जागी म्हणा, छोटं छिद्र घेऊन तिथून आखूड नळी थेट श्वासनलिकेत. बऱ्याचदा ऑपरेशन थिएटरात (ओटीत) न्यावं पण लागत नाही, बेडवरच अर्ध्या तासात होते. नंतर तोंड मोकळं, दात घासता येतात, भूल बंद करता येते, खुर्चीत बसवता येतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे व्हेंटिलेटर काढून बघता येतो. सकाळी एक तास काढला, दमले, परत लावला. उद्या दोन तास. तोंडातली नळी असताना असं सारखं काढघाल करता येत नाही, काढली आणि नाही जमलं तर परत घशातून घालायची वेळ येते आणि ती वेळ फार धोक्याची असते.

मग पहिल्याच आठवड्यात का नाही केली असं तुम्हाला वाटेल. इंग्लंडमध्ये ९०० पेशंटवर हे करून बघितलंय, निम्म्यांना चार दिवसांच्या आत करायची आणि निम्म्यांना दहा दिवस थांबून, गरज वाटली तरच. मृत्यूत फरक पडला नाही, आणि थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ती शेवटपर्यंत लागलीच नाही, काही आधीच सुटले, काही वारले. त्यामुळे थांबणं ही चूक नव्हती. पण दोन आठवडे उलटले, ऑक्सिजनची गरज ५०च्या खाली आली, पीप ८-१० वर आली, आणि तरी माणूस दोन दिवसांत सुटेल असं दिसत नाही, तेव्हा करायची हीच वेळ असते. तुम्ही जे आकडे दिलेत ते ह्याच टप्प्यातले आहेत. ऑक्सिजन ८० टक्क्यांवर असताना कोणी करायला निघालं असतं तर मीच म्हणाले असते थांबा.

धोके आहेत, ते लपवत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन काही तास थांबवलंय का, प्लेटलेट किती आहेत हे विचारा. नळी कफाने तुंबू शकते, हा मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो कारण तो पूर्णपणे टाळता येतो. आतली छोटी नळी काढून धुता येते, हवेत ओलावा ठेवावा लागतो, सक्शन वेळेवर करावं लागतं. एका ठिकाणी मी काम करत असताना असा पेशंट आयसीयूतून वॉर्डात गेला, चांगला बसायला लागला होता, आणि रात्री दोन वाजता नळी तुंबली, वॉर्डातल्या मुलीला आतली नळी काढायची असते हेच कोणी शिकवलं नव्हतं. तो वाचला, पण दहा मिनिटं कशी गेली ते मला अजून आठवतं, आणि तेव्हापासून ट्रेकीओस्टॉमीचा पेशंट वॉर्डात पाठवायच्या आधी मी स्वतः जाऊन तिथल्या सिस्टरला आणि नातेवाइकाला हातात नळी देऊन शिकवते. तुम्हीही शिकून घ्या, लाजू नका, दोन दिवसांत येतं.

बोलणं कायमचं जातं का, ही भीती बहुतेक घरांत असते. नाही जात. नळी आवाजाच्या पेटीच्या खाली असते म्हणून हवा वर जात नाही आणि आवाज निघत नाही, एवढंच. जरा बरे झाले की नळीभोवतीच्या फुग्यातली हवा सोडून नळीच्या तोंडावर एक छोटा व्हॉल्व्ह लावतात, हवा आत येते पण बाहेर जाताना स्वरयंत्रातून जाते आणि माणूस बोलतो. कोविडमध्ये माझ्याकडे ४४ वर्षांचा एक गृहस्थ होता, गोठा होता त्याचा, ६३ दिवस आयसीयूत. व्हॉल्व्ह लावला त्या दिवशी बायको पायाशी उभी, आम्ही सगळे गोळा झालेलो, आणि घोगऱ्या आवाजात त्याने विचारलं, धारा कोण काढतंय? नळी निघाली की भोक बहुतेकांचं ड्रेसिंगवरच एक-दोन आठवड्यांत बुजतं, बारीक खूण राहते. काही जणांना पुढे श्वासनलिका अरुंद होते, तर घरी गेल्यावर काही महिन्यांत श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर तो दमा समजून पंप घेत बसू नका, लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

आणि काकांना हेही सांगा की हे काही आजकाल बिल वाढवायला निघालेलं नाही. आयसीयू नावाची गोष्टच ह्यातून जन्मली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, श्वासाचे स्नायू गेलेल्यांपैकी दहातले आठ-नऊ मरत होते, हॉस्पिटलात श्वास देणारी यंत्रं मोजकीच. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात अशीच नळी घालून हाताने पिशवी दाबून श्वास दिला, ती जगली, आणि मग जवळपास १५०० मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक आठवडे रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. मृत्यू निम्म्याहून खाली आले. तोही व्हायरसच होता.

हात उचलत नाहीत त्याबद्दल. तुम्हाला लकव्याची भीती वाटतेय. डॉक्टरांना विचारून घ्या, स्ट्रोकची शंका वाटली तर ते सीटी करतील, पण दोन्ही हात दोन्ही पाय सारखेच लुळे आणि डोळे-भुवया हलतायत, तर बहुतेक वेळा ते आयसीयूतलं अशक्तपण असतं, स्नायू आणि नसा दोन्ही बिघडतात. लंडनमध्ये अल्ट्रासाउंड लावून मोजलंय, पहिल्या दहा दिवसांत मांडीचा स्नायू जवळपास १८ टक्के घटतो. छातीखालचा श्वासाचा पडदा तर व्हेंटिलेटरवर दोन-तीन दिवसांतच बारीक व्हायला लागतो. म्हणून फुप्फुस सुधारूनही मशीन सुटत नाही. ह्याला उपाय फिजिओ, प्रथिनं आणि भूल कमी करणं. फिजिओ दिवसातून किती वेळा येतो, आणि आला की नुसता छाती ठोकून जातो का पेशंटला बेडच्या कडेला बसवतो, हे बघा. नळी असताना, मशीन चालू असताना बसवता येतं, उभं करता येतं, आम्ही करतो. चार जण लागतात आणि पहिल्यांदा पेशंटची मान पण टिकत नाही, पण बसवलं की तो खोली बघतो, खिडकी बघतो, आणि त्या दिवसापासून चेहरा बदलतो.

तुम्हाला ओळखलं नाही, उलट हात झटकून नजर फिरवली असं लिहिलंय, त्याचा फार त्रास झालाय तुम्हाला. तो डिलिरियम असतो, मेंदूचा भ्रम. औषधं, ताप, झोप नाही, २४ तास लाइट, सतत बीप-बीप. माझी एक पेशंट, शाळेत शिक्षिका होती, बरी झाल्यावर सांगत होती की तिला सगळे दिवस वाटत होतं ती खंबाटकी घाटात एसटीत आहे, ब्रेक गेलाय, गाडी एकदा इकडे कलते एकदा तिकडे, ओरडतेय पण आवाज निघत नाही आणि कंडक्टर हात बांधतोय. मी तिला बेडपाशी घेऊन गेले आणि हवेची गादी दाखवली. बेडसोर होऊ नये म्हणून ती गादी दर काही मिनिटांनी एका बाजूने फुगते, एका बाजूने बसते, आणि खाली मोटर घरघरते. तीच तिची एसटी. हात बांधणारा कंडक्टर म्हणजे आमचा ब्रदर, नळी ओढू नये म्हणून पट्टी लावणारा. ती अर्धा तास गादीवर हात ठेवून बसली होती. म्हणून सांगते, बाबा आत्ता तुमच्यावर चिडलेले नाहीत, ते कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीत आहेत. तुम्ही रोज जा, हात धरा, वार-तारीख सांगा, पुण्यात आहात, छातीला इन्फेक्शन झालं होतं, बरं होतंय, आई बरी आहे, असं साध्या शब्दांत, दरवेळी तेच. भीती वाटणारे प्रश्न विचारू नका, "मला ओळखलंत का" असं तर नकोच, सरळ सांगा मी अमुक आलेय. आणि एक वही करा, रोज चार ओळी, आज काय झालं, कोण भेटून गेलं. युरोपातल्या बऱ्याच आयसीयूत सिस्टर आणि घरचे मिळून अशी वही लिहितात, पुढे बरे झाल्यावर पेशंट ती वाचतो आणि गेलेले दिवस कुठे गेले ते त्याला जोडता येतात.

परत आलेला ताप. इतके दिवस नळ्या असल्या की दुसरं इन्फेक्शन होणं दुर्दैवाने नेहमीचं आहे आणि आपल्याकडच्या आयसीयूतले जंतू चिवट आहेत, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. कोलिस्टिनसारखं औषध चालू असेल तर किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, रोजचं क्रिएटिनिन आणि लघवी किती होतेय हे विचारत जा. फ्लूनंतर फुप्फुसात बुरशी होऊ शकते, ताप उतरतच नसेल तर त्याची तपासणी केलीय का विचारायला हरकत नाही. स्टिरॉइडबद्दल तुम्ही विचारलंय, कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्यांना डेक्सामेथासोनने फायदा झाला हे पक्कं आहे, ६ मिलिग्रॅम दहा दिवस, पण फ्लू म्हणजे कोविड नाही, फ्लूमध्ये ते सरसकट देत नाहीत आणि शुगरवाल्यात तर जपूनच. २०२१ला आपण महाराष्ट्रात म्युकर (काळी बुरशी) किती बघितला, हाताबाहेर दिलेली स्टिरॉइड आणि वाढलेली शुगर हे त्याचं मोठं कारण होतं. एक्मोचंही विचारलंय, रक्त बाहेर काढून ऑक्सिजन भरून परत आत सोडणारं मशीन. ते पहिल्या आठवड्यात, काहीच जमत नसेल तेव्हा. सुधारणाऱ्या पेशंटला १९व्या दिवशी त्याची गरज नाही, कोणी सुचवलं तर का असं विचारा.

तुमच्या हातात काय आहे तर बघणं आणि विचारणं. डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर उचललेली आहे का, दर दोन तासांनी कूस बदलतात का, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू लाल झालीय का, भूल रोज सकाळी थांबवून बघतात का, नाकातल्या नळीतून प्रथिनं पुरेशी जातायत का, आणि आत जाणारा प्रत्येक जण हात धुतोय का, तुम्ही धरून. हे विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत, चांगला डॉक्टर तर अजिबात नाही. आयसीयूतल्या मावशी आणि मामांशी नीट बोलत जा, बाबांना वळवणारे, पुसणारे, रात्री पांघरूण नीट करणारे तेच असतात, आणि पाठीवरचा पहिला लाल डाग बऱ्याचदा मावशीलाच दिसतो.

पैशांचं. काकांचा राग कुठून येतोय ते मला कळतं, १९ दिवसांचं बिल म्हणजे शेत विकायची वेळ. बिलिंग काउंटरवर भांडण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर त्याचा डेस्क असतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण मंजुरी पेशंट ॲडमिट असतानाच घ्यावी लागते, डिस्चार्जनंतर धावून काही होत नाही. हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, कलम ४१ एए म्हणतात त्याला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन सोशल वर्करला भेटा. आणि ट्रेकीओस्टॉमी झाली, बाबा स्थिर झाले की सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा कमी खर्चाच्या आयसीयूत हलवता येईल का हेही उघड विचारा, गळ्यातली नळी बसल्यावर हलवणं तोंडातल्या नळीपेक्षा सोपं आणि सुरक्षित असतं. पण आत्ता घरी घेऊन जाणं म्हणजे उपचार थांबवणंच आहे, हे काकांनी डोळे उघडे ठेवून समजून घ्यायला हवं.

थांबायचं कधी हा प्रश्न तुम्ही शेवटी कंसात लिहिलाय, जणू विचारायची पण चोरी. विचारा ताई, विचारायलाच हवा. किडनी, लिव्हर, ब्लडप्रेशर एकेक करून बसत चाललं, चार-पाच दिवस सगळे आकडे खालीच चालले, मेंदूला मोठी इजा झाली, तर तेव्हा डॉक्टरांना समोर बसवून सरळ विचारायचं की तुमच्या मनात काय आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये आणि मग २०२३ मध्ये सोप्या केलेल्या नियमांनुसार, उपयोग नसलेले उपचार थांबवायची कायदेशीर वाट आहे, डॉक्टरांची दोन मंडळं तपासून सांगतात, घरच्यांची संमती लागते, एकट्या कोणाच्या माथी ते येत नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीत किडनी चालू आहे, बीपीचं औषध बंद झालंय, ऑक्सिजन निम्म्यावर आलाय. ह्याला मी आज थांबायची वेळ म्हणणार नाही.

पुढचा रस्ता मात्र लांबचा आहे, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे नंतर खचणार नाही. टोरंटोमध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांना वर्षानुवर्षं तपासलं. आयसीयूतून निघताना त्यांचं वजन सरासरी १८ टक्के उतरलेलं, वर्षाने फुप्फुसाच्या तपासण्या बऱ्याच जणांच्या जवळपास नॉर्मल, पण पायात ताकद नाही, सहा मिनिटांत चालायचं अंतर वयाच्या मानाने दोन-तृतीयांशच, आणि कामावर परतलेले साधारण निम्मे. झोप लागत नाही, विसरायला होतं, चिडचिड, रडू येणं, हे पेशंटला पण आणि सांभाळणाऱ्यालाही. तुमची आई रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात झोपते लिहिलंय, तिला आजपासून एक रात्र आड घरी पाठवा, पुढचं वर्ष तिला लागणार आहे. माझ्या त्या गोठेवाल्याला घरी गेल्यावर स्वतःचा स्वतः पायजमा चढवायला दोन महिने लागले, पाचव्या महिन्यात पहिली बादली उचलली, मला फोटो पाठवला होता, बादली अर्धीच होती.

तर सहीचं म्हणाल तर, माझे वडील असते आणि हेच आकडे असते तर मी केली असती. त्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: कोण करणार आणि त्यांनी आधी किती केल्यात, बेडवर का ओटीत, रक्त पातळ करायचं औषध कधी थांबवणार, आणि झाल्यावर भूल किती दिवसांत बंद करायचा विचार आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, कारण नळी घालून परत भूल तशीच चालू ठेवायची असेल तर सगळ्या खटाटोपातला अर्धा फायदा गेला.

आणि बाबांना जवळचं दिसत नाही, कानाचं मशीन लावतात असं लिहिलंत, ते दोन्ही १९ दिवस घरी कपाटात असतील. उद्या जाताना चष्मा आणि कानाचं मशीन घेऊन जा, नवीन सेल टाकून, डब्यावर नाव लिहून, आणि सकाळच्या सिस्टरच्या हातात द्या.